प्लॅटिनम म्हणजे किती आणि बीट कुणाचा? रॅपरची यादी तपासायच्या सेवांचा आढावा

सोलापूरकराला लेबल बघायची सवय आहे. चादर घेताना आपण कोपरा उलटतो, कुठल्या कारखान्याची ते वाचतो, कारण भौगोलिक मानांकन असूनही ‘सोलापुरी’ म्हणून भलतीकडची चादर गळ्यात मारली जाते हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. रॅपच्या बाबतीत मात्र हीच नजर ढिली पडते. गॅदरिंगचं निवेदन घ्या, मंडळाचा फ्लेक्स घ्या, नाहीतर पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट. ‘१० वेळा प्लॅटिनम’, ‘१ कोटी प्रती खपल्या’, ‘निर्माता अमुक’ असं ठोकून दिलेलं असतं. आकडा कुठून आला, नाव कुणी दिलं असं विचारलं की उत्तर एकच: ‘नेटवर होतं.’

नेटवर असतंच. पण नेटवर कुठे, आणि तिथे ते कुणी लिहिलं, यावर सगळं अवलंबून आहे. रॅपरच्या अल्बमांची नि गाण्यांची यादी पक्की करायला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या सेवा फुकट आहेत आणि साध्या फोनवर चालतात. प्रत्येकीची एक ठरलेली हद्द आहे. ती माहीत नसली की खरी नोंद समोर असूनही माणूस चुकीचं लिहितो.

खपाची खात्री: आरआयएएचा शोध

रॅपर अमेरिकेतला असेल तर तिथल्या विक्रीच्या प्रमाणपत्राबाबत शेवटचा शब्द रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिकेचा, म्हणजे आरआयएएचा. गोल्ड १९५८ पासून आहे, प्लॅटिनम १९७६ पासून, मल्टी-प्लॅटिनम १९८४ पासून आणि डायमंड १९९९ पासून. हिशेब सरळ आहे: ५ लाखांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, पुढे दर १० लाखांना एक पायरी, १ कोटीला डायमंड. एक खाच लक्षात ठेवा. सिंगलसाठी, म्हणजे सुट्या निघालेल्या गाण्यासाठी, १९८९ पर्यंत हे आकडे दुप्पट होते, गोल्डला १० लाख आणि प्लॅटिनमला २० लाख. म्हणून १९८७ मध्ये गोल्ड झालेल्या सिंगलपुढे ‘५ लाख’ लिहिलं की चूक झालीच.

शोधायची रीत अशी. संस्थेच्या साइटवर ‘गोल्ड अँड प्लॅटिनम’ हा विभाग उघडा आणि पहिल्यांदा कलाकाराचं नाव न टाकता अल्बमचं शीर्षक टाका. रॅपरांची नावं लिहिण्यात एकवाक्यता नाही. जे-झीच्या नावात कधी आडवी रेघ असते, कधी नसते. टुपॅकच्या नावातला २ हा अंक पुढच्या अक्षरांना चिकटवायचा की मध्ये जागा सोडायची, हेही ठिकठिकाणी वेगळं आहे. नाव एका तऱ्हेने टाकून काही आलं नाही, की लोक ‘प्रमाणपत्रच नाही’ असं ठरवून मोकळे होतात. शीर्षकाने शोधलं तर हा घोटाळा टळतो. शीर्षक फारच साधं असेल आणि शेकडो नोंदी आल्या, तर प्रगत शोधात लेबल (रेकॉर्ड कंपनी) आणि तारखांची मर्यादा घाला.

नोंद सापडली की ती उघडा, नुसत्या ओळीवर थांबू नका. आत आधीच्या पायऱ्या तारखांसह दिसतात. वहीत चार गोष्टी उतरवून घ्या: पातळी, प्रमाणपत्राची तारीख, अल्बम की सिंगल, आणि नोंद नेहमीच्या कार्यक्रमातली की लॅटिन कार्यक्रमातली. या चारपैकी एक जरी राहिली तरी पुढचं वाक्य चुकतं. नासचा ‘इलमॅटिक’ एप्रिल १९९४ मध्ये आला, गोल्ड झाला १९९६ मध्ये आणि प्लॅटिनम २००१ मध्ये. ‘१९९४ चा प्लॅटिनम अल्बम’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, आल्या आल्या १० लाख गेला. प्रत्यक्षात त्याला सात वर्षं लागली, आणि त्या अल्बमची खरी गोष्ट त्या सात वर्षांतच आहे.

लॅटिन कार्यक्रमाची खाच फार जणांना माहीत नसते. स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या कलाकारांसाठी आरआयएए वेगळी प्रमाणपत्रं देते, त्यांना ओरो, प्लातिनो, दियामांते म्हणतात. २०१३ च्या अखेरीपासून त्यांचे आकडे ३० हजार, ६० हजार आणि ६ लाख असे आहेत. म्हणजे लॅटिनमधला ‘१० वेळा प्लॅटिनम’ हा ६ लाख एककांचा, नेहमीच्या एका प्लॅटिनमपेक्षाही कमी. पोर्तो रिकोच्या रॅपरची यादी करताना हे दोन रकाने एकत्र केले की सगळी बेरीज फुगते.

आता ‘एकक’ या शब्दाकडे वळू, कारण सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. प्रमाणपत्रावरचा आकडा प्रतींचा नसतो, एककांचा असतो. मे २०१३ पासून सिंगलमध्ये स्ट्रीमिंग धरायला सुरुवात झाली, तेव्हा १०० वेळा ऐकलं की १ एकक. फेब्रुवारी २०१६ पासून ते १५० झालं आणि त्याच वेळी अल्बममध्येही स्ट्रीमिंग आलं: १ अल्बम, किंवा त्यातली १० गाणी विकत डाउनलोड, किंवा त्या अल्बममधल्या गाण्यांचे १,५०० स्ट्रीम, हे सगळं १ एकक. कागदावर गणित करून बघा. नुसत्या स्ट्रीमिंगवर सिंगल प्लॅटिनम व्हायला १५ कोटी स्ट्रीम लागतात, अल्बमला १५० कोटी. आणि हे स्ट्रीम फक्त अमेरिकेतले. आपल्याकडे यूट्यूबवर १५ कोटी व्ह्यूज झाले की ‘प्लॅटिनम’ म्हणायची घाई होते. सोलापूर, पुणे, दुबई, लंडन इथलं ऐकणं त्या हिशेबात येतच नाही.

हा नियम बदलला त्याच दिवशी, १ फेब्रुवारी २०१६ ला, केंड्रिक लमारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ला प्लॅटिनम मिळालं. त्याच्या लेबलचे प्रमुख अँथनी टिफिथ यांनीच जाहीरपणे सांगितलं की हा हिशेब आपल्याला मान्य नाही. स्वतःच्या अल्बमचा पुरस्कार असूनही त्यांनी हे म्हटलं याचं मोल मोठं आहे. यादी करणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच: २०१६ च्या आधीचं प्लॅटिनम आणि नंतरचं प्लॅटिनम एकाच रकान्यात ठेवा, पण ‘प्रती’ हा शब्द रकान्याच्या डोक्यावरून काढून टाका.

एक उदाहरण जवळून बघू. टुपॅकचा ‘ऑल आइज ऑन मी’, फेब्रुवारी १९९६, जुलै २०१४ मध्ये डायमंड. डायमंड म्हणजे १ कोटी, म्हणून मराठी-हिंदी लेखांत सरळ ‘१ कोटी लोकांनी विकत घेतला’ असं येतं. नोंद खरी, वाक्य चूक. हा दोन डिस्कचा संच आहे, २७ गाण्यांचा, दोन तासांहून मोठा. आरआयएएच्या नियमात १०० मिनिटांपेक्षा लांब अशा संचाची प्रत्येक डिस्क वेगळी मोजली जाते. दुकानात एक संच गेला की हिशेबात दोन एककं. म्हणजे १ कोटी एककांमागे संच साधारण ५० लाख. नोटोरियस बी.आय.जी.चा ‘लाइफ आफ्टर डेथ’ आणि आउटकास्टचा ‘स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो’ यांचंही तेच, दोन्ही दुहेरी. उलट एम.सी. हॅमरचा १९९० चा डायमंड अल्बम एकाच डिस्कचा, तिथे अशी दुप्पट नाही. हे तिन्ही-चारही अल्बम ‘सर्वाधिक खपलेले रॅप अल्बम’ म्हणून एका ओळीत मांडायचे असतील तर दुहेरी अल्बमांपुढे खूण केलीच पाहिजे. आरआयएएच्या शोधात ही खूण ठळक दिसत नाही. या सेवेतला हा आम्हाला सगळ्यात जास्त खटकणारा भाग. गाण्यांची लांबी वेगळी बघून बेरीज करावी लागते.

आणखी दोन मर्यादा. पहिली, प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. लेबलने अर्ज करायचा, फी भरायची, मग हिशेबतपासनीस, गेलफंड, रेनर्ट अँड फेल्डमन ही कंपनी, आकडे तपासते. लेबलने मागितलंच नाही तर ५० लाख खपूनही नोंद नसते. मोटाऊन या लेबलने १९६० च्या दशकात आपले हिशेब उघडेच केले नाहीत, म्हणून त्या काळातल्या त्यांच्या गाण्यांना तेव्हा आरआयएएचं गोल्ड नाही. रॅपमध्ये छोट्या स्वतंत्र लेबलांचं हेच होतं. शोधात काही आलं नाही तर ‘प्रमाणपत्र नाही’ असं लिहा, ‘खपला नाही’ असं लिहू नका. दुसरी, सीडी आणि कॅसेटच्या बाबतीत मोजला जातो तो दुकानांकडे पाठवलेला माल, त्यातून परत आलेला वजा करून. गल्ल्यावरची विक्री मोजायचं काम १९९१ पासून साउंडस्कॅनचं, आज ती सेवा ल्युमिनेट या नावाने चालते आणि बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या याद्या तिच्यावर बेततात. जे-झीच्या २०१३ च्या अल्बमच्या १० लाख प्रती सॅमसंगने आधीच विकत घेऊन आपल्या फोनधारकांना फुकट वाटल्या. आरआयएएने नियम बदलून लगेच प्लॅटिनम दिलं, बिलबोर्डने त्या प्रती यादीत धरल्या नाहीत. एकाच अल्बमची दोन खरी उत्तरं. म्हणून कुठला आकडा कुणाचा, हे प्रत्येक वेळी लिहावं लागतं.

सेवा म्हणून आरआयएएचा शोध उत्तम आहे: फुकट, खातं उघडावं लागत नाही, जुन्या नोंदीही मिळतात. फोनवर ओळी अरुंद होतात, ‘डेस्कटॉप साइट’ करून बघितलं की सोपं जातं. पानाचा स्क्रीनशॉट घेताना पाहिल्याची तारीख त्यातच येऊ द्या, कारण पातळी पुढे वाढते आणि मग तुमचाच जुना आकडा तुम्हाला खोटा वाटायला लागतो.

ब्रिटन आणि बाकीचे

ब्रिटनसाठी बीपीआय, तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना. तिथे अल्बमला सिल्व्हर ६० हजार, गोल्ड १ लाख, प्लॅटिनम ३ लाख. सिंगलला २ लाख, ४ लाख, ६ लाख. जुलै २०१३ पासून तिथलं काम अधिक चोख आहे, कारण ऑफिशियल चार्ट्स कंपनीच्या आकड्यांवरून प्रमाणपत्र आपोआप लागतं, लेबलच्या अर्जाची वाट बघत नाही. स्टॉर्मझी, डेव्ह अशा ब्रिटिश रॅपरांच्या याद्या त्यामुळे फार कमी त्रासात पूर्ण होतात. आधीच्या काळासाठी मात्र तिथेही अर्जाचीच पद्धत होती, हे ध्यानात असू द्या.

कॅनडात गोल्ड ४० हजार, प्लॅटिनम ८० हजार. ऑस्ट्रेलियात ३५ हजार आणि ७० हजार. न्यूझीलंडमध्ये अल्बमला ७,५०० आणि १५ हजार. फ्रान्समध्ये अल्बमला ५० हजार, १ लाख, आणि ५ लाखांना डायमंड. एवढ्यावरूनच कळेल की ‘पाच देशांत प्लॅटिनम’ या वाक्यातून खप कळत नाही. देश आणि आकडा शेजारी लिहिला तरच त्याला अर्थ.

यूट्यूबची चांदीची नि सोन्याची बटणं या सगळ्यात मोडत नाहीत. ती चॅनेलच्या सदस्यसंख्येवर मिळतात, १ लाखाला चांदीचं, १० लाखांना सोन्याचं, १ कोटीला डायमंड. गाणं किती खपलं, किती वाजलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. आपल्याकडच्या फ्लेक्सवर ‘गोल्ड आर्टिस्ट’ लिहिलेलं असतं तेव्हा पाच मिनिटांत हे तपासता येतं: चॅनेल उघडा, सदस्य मोजा. १० लाख सदस्य जमवणं ही मेहनतीची, अभिमानाची गोष्ट आहे. तिला तिच्याच नावाने हाक मारली तर तिचा मान जास्त राहतो.

भिंतीवरच्या चौकटीवरही विसंबू नका. रेकॉर्डची चकती लावलेली फ्रेम लेबल स्वतःच्या हौसेने करून देऊ शकतं, जुन्या वस्तूंच्या बाजारात नकलाही फिरतात. फ्रेमवरचं शीर्षक आणि पातळी आरआयएएच्या शोधात जुळली तरच ती पुरावा.

श्रेयाची खात्री: बीट कुणाचा, ओळी कुणाच्या

आधी शब्दाचा प्रश्न मिटवू. इंग्रजी ‘प्रोड्युसर’चं मराठीत ‘निर्माता’ केलं की आपल्या वाचकाला सिनेमाचा निर्माता आठवतो, पैसे घालणारा. रॅपमध्ये प्रोड्युसर म्हणजे बीट बांधणारा, ठेका, बास, सॅम्पल (जुन्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला तुकडा) यांची मांडणी करणारा. आपल्या भाषेतल्या संगीतकाराच्या तो जास्त जवळचा. एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर वेगळा, को-प्रोड्युसर वेगळा, आणि ‘अतिरिक्त प्रोडक्शन’ म्हणजे तयार बीटवर नंतर भर घालणारा, तो आणखी वेगळा. मराठी यादीत ‘प्रोड्युसर’ हाच शब्द ठेवा.

स्पॉटिफायवर गाण्याच्या बाजूच्या तीन टिंबांत श्रेय दाखवायची सोय २०१८ पासून आहे: कुणी सादर केलं, कुणी लिहिलं, कुणी प्रोड्युस केलं, आणि ही माहिती कुठल्या लेबलकडून आली. सुरुवात इथून करावी, शेवट करू नये. माहिती लेबल किंवा वितरक, म्हणजे गाणं अशा सेवांवर चढवणारी कंपनी, भरते. जेवढं भरलं तेवढं दिसतं. नव्या गाण्यांना बऱ्यापैकी, १९९० च्या दशकातल्या गाण्यांना तुटपुंजं. मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारे अनेकदा गायबच. प्रकाशनाची तारीख तर तिथून मुळीच उचलू नये, कारण पुनर्मुद्रित आवृत्ती चढवली असेल तर मूळ वर्षाऐवजी तिचं वर्ष दिसतं.

जुन्या अल्बमसाठी सगळ्यात भरवशाचं काम डिस्कॉग्जवर होतं. २००० मध्ये सुरू झालेली ही सेवा लोकांनीच भरलेली आहे, पण तिचा नियम कडक आहे: वस्तूवर जसं छापलंय तसंच लिहायचं. आणि तिचा खरा ऐवज नोंदीत नसून फोटोंत आहे. अल्बमचं मुख्य पान उघडलं की खाली आवृत्त्यांची यादी येते. त्यातली मूळ देशाची, पहिल्या वर्षाची आवृत्ती निवडा, चित्रं उघडा आणि पुस्तिकेची पानं मोठी करून वाचा. पानावर दिसलं तेच वहीत घ्या. सीडी विकत घ्यायची गरज नाही. नोंदीवर ‘कम्प्लीट अँड करेक्ट’ असं मत पडलेलं असेल तर इतरांनीही ती तपासली आहे असं समजा. ‘नीड्स व्होट’ असेल तर फोटो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतात निघालेल्या कॅसेटच्या कागदावर जागाच कमी, म्हणून अनेकदा नावं गाळलेली असतात. आपल्या जुन्या बाजारात मिळालेल्या कॅसेटवरून श्रेय उतरवायचं असेल तर ते अपुरं आहे असं धरूनच चाला.

आवृत्ती कुठली, हा प्रश्न उगाच नाही. बिगीचा, म्हणजे नोटोरियस बी.आय.जी.चा, ‘रेडी टू डाय’ १९९४ चा. त्यातल्या शीर्षकगीतात ओहायो प्लेयर्सचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याचा निकाल २००६ मध्ये लागला आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो तुकडा काढला गेला. आज स्ट्रीमिंगवर ऐकून १९९४ च्या गाण्यातलं सॅम्पल सांगायला बसलात तर ते कानाला लागणारच नाही. सॅम्पलच्या श्रेयाचा इतिहासही एका निकालाने दुभंगलेला आहे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्कीच्या गाण्यातल्या गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या तुकड्यावरून बंदी घातली, तेव्हापासून लेबलं परवानग्या आणि नावं काटेकोरपणे घ्यायला लागली. त्याआधीच्या पुस्तिकेत सॅम्पलचं नाव नाही याचा अर्थ सॅम्पल नाही असा होत नाही.

सॅम्पल ओळखायला हूसॅम्पल्ड ही सेवा वेगवान आहे. पण ती ‘कानाला काय ऐकू येतं’ ते सांगते, ‘कागदावर कुणाला श्रेय दिलं’ ते सांगत नाही. गाण्यांचे शब्द देणाऱ्या जीनियस या साइटचं तसंच: ओळी आणि नावं पटकन मिळतात, भरणारे बहुतेक वाचकच. या दोन्हींतून धागा घ्यावा, पुरावा नाही.

हे सगळं सोलापूरला किती जवळचं आहे बघा. १९३८ साली लता मंगेशकर वडिलांबरोबर सोलापुरात गायल्या, त्यांचा हा पहिला जाहीर कार्यक्रम. २००२ मध्ये त्याच आवाजावर अमेरिकेत एक हिट गाणं उभं राहिलं: ट्रुथ हर्ट्सचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’, त्यात रकीमचा रॅप, प्रोड्युसर डीजे क्विक. खाली वाजत होतं ‘ज्योती’ या १९८१ च्या सिनेमातलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरी, आवाज लताबाईंचा. श्रेय मात्र नव्हतं. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरींचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकायला मनाई केली. उलट बाजूला ब्लॅक आइड पीजचं २००५ चं ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’. त्यात कल्याणजी-आनंदजींच्या दोन गाण्यांचे तुकडे आहेत, आणि गीतलेखकांत त्यांची नावं रीतसर आहेत.

‘अ‍ॅडिक्टिव्ह’च्या निकालात नाव आलं ते संगीतकाराचं, गायिकेचं नव्हे. याचं कारण समजलं की पुढची सेवा नीट वापरता येते. एका गाण्यात दोन हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा, आणि शब्द-चालीच्या रचनेचा. अमेरिकेतल्या अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, संस्थांची सॉन्गव्ह्यू ही संयुक्त सेवा, २०२० च्या डिसेंबरपासून चालू, फक्त रचनेचा हक्क दाखवते: लेखक, प्रकाशक, कुणाचा किती वाटा. दोघींचे आकडे जुळले असतील तर हिरवी खूण दिसते, ती असलेली नोंद निर्धास्त वापरावी. गायक म्हणून गायलेला माणूस तिथे सापडणार नाही, आणि ज्याला लेखनात वाटा नाही असा प्रोड्युसरही नाही. सॅम्पल झालेल्या गाण्याचे मूळ लेखक मात्र सापडतात, कारण त्यांना वाटा द्यावा लागतो. म्हणूनच एखाद्या रॅप गाण्याला आठ-दहा लेखक दिसतात. ते सगळे स्टुडिओत बसले होते असं नसतं.

सॉन्गव्ह्यूवर शोधताना खरं नाव लागतं. नास म्हणजे नासिर जोन्स, डीजे प्रीमियर म्हणजे ख्रिस्तोफर मार्टिन, डॉ. ड्रे म्हणजे आंद्रे यंग, एमिनेम म्हणजे मार्शल मॅथर्स, डीजे क्विक म्हणजे डेव्हिड ब्लेक. गाण्याच्या नावाने शोधलं तर एकाच नावाची शंभर गाणी येतात. शीर्षक आणि एका लेखकाचं आडनाव असं दोन्ही टाका.

लिल नास एक्सचं २०१९ मध्ये गाजलेलं ‘ओल्ड टाउन रोड’ हे श्रेयाच्या अभ्यासाला फार चांगलं गाणं आहे. बीट त्याने नेटवरून ३० डॉलरला घेतला, नेदरलंड्सच्या यंगकिओचा. यंगकिओने त्यात नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ च्या एका वादनाचा तुकडा वापरला होता. गाणं डोक्यावर घेतलं गेल्यावर त्या बँडचे ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं लेखक आणि प्रोड्युसर म्हणून आली. सोलापुरातही नेटवरून बीट घेऊन रॅप करणारी पोरं आहेत. बीटचा परवाना आणि बीटच्या आतल्या तुकड्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला घेतला म्हणून दुसरा मिळत नाही.

एकाच गाण्याच्या मूळ, रिमिक्स आणि ‘स्वच्छ’ (शिव्या काढलेल्या) आवृत्त्या वेगळ्या ओळखायच्या तर आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, बघा. रेकॉर्ड कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयएफपीआयच्या शोधावर तो फुकट मिळतो. बारा अक्षरांचा असतो: देश, नोंदणीदार, वर्षाचे दोन अंक, आणि पाच अंकी क्रमांक. ते वर्ष क्रमांक दिल्याचं असतं, गाणं आल्याचं नव्हे. १९९३ च्या गाण्याच्या क्रमांकात ०५ दिसलं तर बिचकू नका.

आपल्या गावच्या रॅपरांसाठी

भारतात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचं काम आयपीआरएसकडे आहे, १९६९ पासूनची संस्था. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लेबलच्या नावावर लिहून देता येत नाही. रॅपर स्वतःच्या ओळी लिहितो, म्हणजे तो गीतकार आहे, आणि सदस्य व्हायचा त्याला हक्क आहे. यात सोलापूरची स्वतःची एक अडचण आहे. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांच्या या गावात एकाच आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरं असतं. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत याची उदाहरणं मिळतील. सदस्यत्वाला पॅनचं नाव, वितरकाच्या फॉर्मवर आधारचं, आणि गाण्यावर नुसतं टोपणनाव, असं झालं की मशीनला ते तीन माणसं वाटतात आणि पैसे तिघांत अडकतात. पॅनवरचं स्पेलिंग धरा आणि तेच सगळीकडे ठेवा. टोपणनाव कलाकाराच्या रकान्यात, खरं नाव गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात.

वितरकाच्या फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, प्रोड्युसर, मिक्सिंग, मास्टरिंग असे वेगळे रकाने असतात. घाईत सगळीकडे एकच नाव टाकलं जातं आणि बीट बांधणारा मित्र कायमचा गळतो. गाणं आल्याच्या दिवशी स्पॉटिफायवरची तीन टिंबं उघडून श्रेय वाचा. चूक दिसली तर दुरुस्ती वितरकाच्या खात्यातूनच करावी लागते, स्पॉटिफायला परस्पर कळवून नावं बदलत नाहीत.